माझ्या लाल फुलातली काकवी

मित्रांनो, माझ्या तळाशी टवका उडाला आहे आणि अंगावरच्या मापाच्या रेघा पुसट झाल्या आहेत, तेव्हा मला जुनी म्हणायला हरकत नाही. मी काचेची बाटली आहे. माझ्या तोंडाला प्लास्टिकचं लाल फूल आहे आणि त्या फुलाच्या मधोमध एक बारीक भोक. मला उलटं टांगलं की रस त्या भोकापाशी येऊन थांबतो, पण थेंबभरही सांडत नाही. याच भोकातून सहा वर्षं मी एका पक्ष्याला पाजलं. आणि याच भोकातून चार दिवस त्याच्या पोटात जे गेलं, त्याने तो मेला.

शेवट आधीच सांगून टाकला. तो लपवून गोष्ट रंगवावी असं मला वाटत नाही. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून जे घडलं ते घडलं त्या क्रमाने सांगते. तसं सांगितलं तरच चूक कुठे झाली ते दिसतं.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. एका खोक्यात आम्ही बारा जणी होतो. त्यातल्या चौघी नेदरलँड्समध्ये उइटहॉर्नला आलो. इथे गावाबाहेर पूर्वी गुलाबांचं काचघर होतं. तो धंदा बंद पडल्यावर एका लहानशा संस्थेने ते घेतलं आणि आत उष्ण प्रदेशातली झाडं लावली. बाहेर सपाट रानावरून बोचरा वारा येतो, सायकलवाले कमरेत वाकून पॅडल मारतात. आत मात्र बाराही महिने सव्वीस अंश असतात, जास्वंद फुललेली असते आणि घाणेरीच्या झुडपांवर हमिंगबर्ड भिरभिरत असतात. काचघराची प्रमुख वील्मा. तिने मला दाराजवळच्या आकड्याला टांगलं आणि दुसऱ्याच दिवशी तो आला.

त्याला नाव नव्हतं. पायात कडं होतं, त्यावर सतरा हा आकडा. म्हणून तो सतरा नंबर. त्याच्या जातीला अमाझिलिया म्हणतात. मूळ घर पेरू आणि इक्वेडोरच्या किनाऱ्याजवळचा कोरडा पट्टा. घनदाट जंगल त्यांना लागत नाही. काटेरी झुडपं, ओढ्याकाठची झाडं आणि माणसांच्या बागा त्यांना पुरतात. सतरा नंबरने मात्र ते सगळं कधी पाहिलं नव्हतं. तो याच देशात, एका पक्षीपालकाच्या घरी अंड्यातून बाहेर आला होता.

मी त्याला जितकं जवळून पाहिलं तितकं कोणीच पाहिलं नसेल. चोचीपासून शेपटीपर्यंत फार तर दहा सेंटिमीटर. वजन साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर साखरेएवढं. चोच लाल, टोकाला काळी. पाठ हिरवी, पोट आणि शेपूट तांबूस. गळ्याचा रंग मात्र एका जागी थांबायचा नाही. समोरून ऊन पडलं की मोरपंखी झळाळायचा आणि मान वळली की काळा दिसायचा. हवेत जागच्या जागी थांबून तो माझ्या भोकात चोच घालायचा. पंख सेकंदाला तीसहून जास्त वेळा हलायचे, दिसायचे नाहीत, नुसता वारा लागायचा. त्याची जीभ टोकाला दुभंगलेली होती. एका सेकंदात ती दहाहून अधिक वेळा आतबाहेर करायची.

आणि स्वभाव! काचघरात आणखी एक नर आणि दोन माद्या होत्या, माझ्यासारख्या आणखी तीन बाटल्याही होत्या. पण ही दाराजवळची बाटली माझी, असं सतरा नंबरने ठरवून टाकलं होतं. समोरच्या वाळक्या फांदीवर तो बसायचा आणि कोणी माझ्याकडे फिरकलं की बाणासारखा सुटायचा. एक मादी जवळच घरटं बांधून होती. कोळ्याचं जाळं आणि दगडफूल यांची वाटी, त्यात वालाच्या दाण्याएवढी दोन अंडी. बांधणं, उबवणं, भरवणं सगळं तिचं एकटीचं. बिचारी माझ्याकडे यायला बघायची आणि सतरा नंबर तिलाही पिटाळायचा. मग ती फुलांकडे जायची, नाहीतर पक्ष्यांना खायला चिलटं मिळावीत म्हणून वील्माने ठेवलेल्या सडक्या केळ्यांच्या बादलीपाशी. मला तिची दया यायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्याकडे गेली दोन वर्षं शामला स्वयंसेविका म्हणून येत होती. पुण्याची, वनस्पतिशास्त्रात एमएस्सी. नवरा राजन आयटीत, त्याच्या नोकरीमुळे ती इथे आली. रोज सकाळी सायकलवरून यायची, पावडरीत पाणी आणि साखर मोजून आमचा रस करायची, बाटल्या घासायची, प्रत्येक गोष्ट वेळेसकट वहीत लिहायची. वील्माने तिला सांगितलं होतं, "जानेवारीपासून तू इथली पगारी कर्मचारी." या देशात आल्यापासूनची ही तिची पहिली नोकरी ठरणार होती.

नोव्हेंबरात तिचे सासरे तीन महिन्यांसाठी आले. शिरीषराव. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं रसायनतज्ज्ञ. मुलगा दिवसभर लॅपटॉपसमोर, रस्त्यावर बोलायला कुणी नाही, पाच वाजता अंधार. आठवडाभरात ते कंटाळले आणि सुनेबरोबर काचघरात येऊ लागले. त्यांच्या गळ्यात लाल मफलर होता. पहिल्याच दिवशी सतरा नंबर थेट त्यांच्या नाकासमोर येऊन हवेत थांबला.

"अगं शामला, हा भुंगा आहे का पक्षी?"

"पक्षी आहे, बाबा. हलू नका. तुमचा मफलर त्याला फूल वाटतोय."

"साठीत पहिल्यांदाच कुणीतरी मला फूल म्हणतंय!"

"साठीत? सत्तरीला दोन कमी आहेत."

तेव्हापासून ते माझ्यासमोरच्या बाकावर बसू लागले. सतरा नंबर दुसऱ्या नराला हाकलायचा तेव्हा ते मांडीवर थाप मारायचे. "शाब्बास रे पैलवान! वजन साडेचार ग्रॅम आणि गुर्मी साडेचार मणाची!"

काही सकाळी ते लवकर यायचे तेव्हा सतरा नंबर फांदीवर दगडासारखा बसलेला असायचा. चोच आकाशाकडे, पिसं फुगलेली, डोळे मिटलेले. एवढ्याशा शरीराला लांबलचक रात्रभर पुरेल इतकं इंधन कुठून मिळणार? म्हणून हे पक्षी अंग गार पाडून, काळीज हळू करून जणू स्वतःला बंद ठेवतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा शिरीषराव ओरडलेच. "शामला, गेला गं हा!"

"नाही गेला, बाबा. वीस मिनिटं थांबा."

आधी छाती थरथरली, मग पंख, मग एक डोळा उघडला. विसाव्या मिनिटाला तो उडाला आणि माझ्यापाशी आला. शिरीषरावांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. नंतर ते इतर पाहुण्यांना हा प्रकार अभिमानाने समजावून सांगायचे, जणू त्यांनीच त्याला शिकवला होता.

मग एक दिवस त्यांनी रस कालवणाऱ्या सुनेला विचारलं, "यात काय काय असतं?"

"पावडर. प्रथिनं, जीवनसत्त्वं. आणि साखर."

"पांढरी?"

"पांढरीच."

"चौतीस वर्षं ती पांढरी कशी होते ते बघितलंय मी. गंधकाचा धूर देतात. माझ्या चहातसुद्धा नसते ती. आणि या जिवाला तू तीच पाजतेस?"

"बाबा, इथे सगळं ठरलेलं असतं. आपल्या मनाचं काही घालायचं नाही."

"हो गं बाई. मी आपलं सहज म्हटलं."

मंगळवार, नऊ डिसेंबर. दुपारी एकची खेप. शामलाने मला भरून शिरीषरावांच्या हातात दिलं. बाटली आकड्याला लावायचं काम त्यांनी हौसेनं मागून घेतलं होतं. झाडांच्या आड गेल्यावर ते थांबले. कोटाच्या खिशातून स्टीलची डबी काढली. आत काकवी होती. कोल्हापूरहून सुनेसाठी आणलेली, बिनरसायनाची, गुऱ्हाळावर उभं राहून भरून घेतलेली. त्यांनी माझं फूल फिरवून काढलं आणि दोन चमचे काकवी माझ्यात ओतली. आमचा रस आधीच फिक्या चहासारखा दिसतो. तो जरासा गडद झाला, एवढंच.

"ये रे पाहुण्या," ते हळूच म्हणाले. "इतक्या लांबच्या मुलखातला तू. आल्यावर कुणी गूळ-पाणी तरी विचारलं का तुला?"

सतरा नंबर आला. चोच घातली. नेहमीपेक्षा जास्त वेळ प्यायला.

"आवडलं का?" शिरीषरावांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती की मीसुद्धा फसले. मला वाटलं, चांगलंच काहीतरी असणार.

बुधवारी दोन चमचे. गुरुवारी दोन. शुक्रवारी दोन. रोज तोच प्रश्न, "आवडलं का?" शामला मला रोज गरम पाण्याने आणि ब्रशने धूत होती. सहा वर्षं तेवढं पुरत आलं होतं. पण काकवी चिकट. माझ्या लाल पाकळीच्या आतल्या घडीत, जिथे ब्रशचं टोक पोचत नाही, तिथे ती धरून बसली. सव्वीस अंशांची ऊब तिला मिळाली. गुरुवारी मला तिथे आंबूस वास आला. शुक्रवारी तिथे पांढरी साय धरली.

मित्रांनो, मला तोंड आहे पण बोलता येत नाही. सतरा नंबर चोच घालायचा आणि ती त्या सायीला घासून आत जायची. मी काहीच करू शकत नव्हते. शुक्रवारी दुपारी त्याने चोच घातली आणि झटकन मागे घेतली. जीभ बाहेर राहिली, आत जाईना. तो परत आला, परत मागे गेला.

"काय रे, पोट भरलं?" शिरीषराव हसून म्हणाले.

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, घरट्यातली मादी माझ्या दिशेने आली. तिची पिल्लं तोवर फुटली होती, तिला घाई होती. आणि सतरा नंबर हलला नाही. तो फांदीवर पिसं फुगवून बसून राहिला. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वील्माने ते पाहिलं आणि तिच्या हातातली पाण्याची नळी खाली पडली. मादीची चोच फुलाला लागायच्या आत तिने मला आकड्यावरून उतरवलं.

एक वाजून दहा मिनिटांनी पक्ष्यांच्या डॉक्टर आल्या. मागच्या खोलीत पोलादी टेबलावर एका बाजूला सतरा नंबर, एका बाजूला मी. त्यांनी त्याची चोच उघडून पाहिली, मग माझ्या फुलात टॉर्च मारला.

"बाटल्या तूच धुतेस ना?" वील्माने शामलाला विचारलं.

"मीच."

"ही कधी धुतलीस?"

"आज सकाळी. साडेसातला. वहीत आहे."

"मग हे काय आहे, शामला?"

शामलाने माझ्यात डोकावून पाहिलं. तिच्या ओठांचा रंग उडाला.

दारात उभ्या शिरीषरावांना डच कळत नव्हतं. "काय म्हणतायत गं?"

"जिभेवर बुरशी धरलीय, बाबा. घसा सुजलाय, त्याला गिळता येत नाहीये. पोटात काय गेलं ते कळलं तर औषधाचा नेम लागेल म्हणतात, नाहीतर अंदाजाने द्यावं लागेल. मी सांगितलं, रोजचंच दिलंय."

"रोजचंच," ते म्हणाले.

आणि बाहेर जाऊन माझ्या रिकाम्या आकड्यासमोरच्या बाकावर बसले. खोलीच्या काचेतून ते मला दिसत होते. हात कोटाच्या खिशात होता. खिशात डबी होती.

ते का गप्प बसले, हे मला नंतरच्या बोलण्यातून कळलं. खरं सांगितलं तर सुनेची नोकरी जाईल असं त्यांना वाटलं. आपल्या घरच्या माणसाने हे केलं म्हटल्यावर तिला कोण ठेवेल? पण गप्प राहिल्यानेही दोष तिच्यावरच येत होता. हे कळायला त्यांना अडीच तास लागले. मी वेळ सांगते आहे कारण मी तो मोजला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं.

तीन चाळीसला ते आत आले आणि डबी माझ्या शेजारी टेबलावर ठेवली.

"शामला, यांना सांग. तिची चूक नाही म्हणावं."

"कुणाची?"

"तुझी." त्यांनी झाकण उघडलं. गुऱ्हाळाचा वास खोलीभर पसरला. "दोन चमचे. रोज एकच्या खेपेला. मंगळवारपासून."

शामलाने डबी हातात घेऊन आत पाहिलं. मग तिचा आवाज फुटला, "बाबा! अहो, तो साडेचार ग्रॅमचा आहे!"

"पांढऱ्या साखरेपेक्षा बरं, म्हणून..."

"मला विचारायचं होतंत!"

"त्याला आवडत होतं गं. मी त्याला रोज विचारत होतो."

डॉक्टरांनी डबीचा वास घेतला आणि औषध बदललं. संध्याकाळी सहापर्यंत दर दहा मिनिटांनी ड्रॉपरने एकेक थेंब. शामला देत होती, वील्मा घड्याळ बघत होती, शिरीषराव प्रत्येक थेंब वहीत मांडत होते. सहाला दिवे मंद केले. पेटीत ऊबदार दिव्याखाली, बारीक काडीवर सतरा नंबरने चोच वर केली, पिसं फुगवली आणि अंग गार पाडलं. डॉक्टर म्हणाल्या, आता ताकद वाचवायचा हाच एक मार्ग त्याच्याकडे आहे.

रविवारी पावणेआठला तिघंही पेटीसमोर उभे होते. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. दिवा वाढवला. सात त्रेपन्नला त्याची छाती थरथरली.

"उठतोय," शिरीषराव म्हणाले. "वीस मिनिटं लागतात त्याला."

थरथर पंखांपर्यंत आली. एका डोळ्याची बारीक फट उघडली. मग थरथर थांबली.

आठ वाजून तेरा मिनिटं झाली. साडेआठ झाले. वील्माने मान खाली घातली.

"बाबा, चला," शामला म्हणाली.

"अगं, थांब जरा. तो असाच दिसतो. रोज असाच दिसतो आणि उठतो. मी घड्याळ लावून पाहिलंय."

नऊ वाजता वील्माने पेटीत हात घातला तेव्हा काडीवरची त्याची नखं सोडवावी लागली. शिरीषराव तिच्या हाताकडे बघत होते.

त्या दिवशी त्यांनी सुनेकडून डॉक्टरांना एकच प्रश्न फोनवर विचारायला लावला. काल एक वाजताच सांगितलं असतं तर? डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही. 'काही उपयोग झाला नसता' असं त्या म्हणाल्या असत्या तर शिरीषरावांना झोप लागली असती.

इतर तिन्ही पक्षी तपासले. तिघंही ठणठणीत. माझ्याजवळ त्यांना कोणी येऊच दिलं नव्हतं. ज्या हावरेपणाचा मला राग यायचा, त्यापायी सगळं विष एकट्याच्या वाट्याला गेलं आणि दोन पिल्लांची आई वाचली.

वील्माने शामलाला वही उघडायला सांगितलं. "झालं ते लिही. नियम मीही मोडला. नोंद नसलेल्या माणसाच्या हातात बाटली द्यायला मी हो म्हटलं होतं. तेही लिही." शामलाने पेन उचललं, तेवढ्यात शिरीषरावांनी ते मागितलं. चौतीस वर्षं प्रयोगशाळेच्या नोंदवहीत लिहीत आलेला हात होता तो. त्यांनी मराठीत लिहिलं: "दि. ९ ते १२ डिसेंबर, दुपारी १. काकवी, रोज दोन चमचे. कोणालाही न विचारता. विचारणा झाल्यावर अडीच तास सांगितले नाही." खाली पूर्ण सही केली. शामलाने शेजारी डचमध्ये भाषांतर केलं. 'अडीच तास' लिहिताना तिचं पेन थांबलं होतं. पण तिने ते गाळलं नाही.

मला उकळत्या पाण्यात दोनदा उकळलं. साय गेली. तरी वील्माने मला परत टांगलं नाही. आता मी मागच्या खोलीत, रस कालवायच्या ओट्यावरच्या फळीवर रिकामी उभी असते. माझ्या गळ्यात दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला आहे. त्यावर डच आणि मराठीत रसाचं प्रमाण आहे, काय घालायचं नाही त्याची यादी आहे आणि त्या यादीत काकवी, गूळ, मध हे शब्द शामलाच्या अक्षरात आहेत. आता सगळ्या बाटल्यांची फुलं सुटी करून घडीपर्यंत घासतात. पाहुणे माझ्याकडे बघत नाहीत. पूर्वीही बघत नव्हते, सगळे त्याचेच फोटो काढायचे.

जानेवारीच्या अखेरीस शिरीषराव परत निघण्याआधी एकदा आले. तोवर आले नव्हते. शामलाच्या छातीवर आता कर्मचाऱ्यांचा बिल्ला होता. माझ्या आकड्याला लावायची नवी बाटली तिच्या हातात होती.

"बाबा, वील्मा हो म्हणालीय. लावता तुम्ही?"

त्यांनी हात पुढे केला नाही. आधी फळीजवळ आले आणि माझ्या गळ्यातला पुठ्ठा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मग सुनेला विचारलं, "यात एवढंच आहे ना?"

"एवढंच."

"वहीत लिहिलंस?"

"लिहिलंय, बाबा."

तेव्हा कुठे त्यांनी बाटली घेतली, आकड्याला लावली आणि दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले. गळ्यात लाल मफलर नव्हता. वाळक्या फांदीवर कोणी नव्हतं. थोड्या वेळाने ती मादी आली. सवयीने तिने एकदा त्या फांदीकडे पाहिलं, थबकली, मग पुढे येऊन प्यायली. तिच्या मागून दोन आखूड चोचीची पिल्लं आली.

मित्रांनो, एवढंच सांगायचं आहे. मुक्या जिवाला काही भरवायच्या आधी विचारा, पण त्याला विचारू नका. तो लाल फुलावर विश्वास ठेवतो आणि द्याल ते पितो. जो त्याला ओळखतो, त्याला विचारा. आणि चूक झालीच, तर घड्याळाकडे बघत बसू नका.

शिरीषराव बराच वेळ त्या तिघांना बघत उभे होते. त्यांचे ओठ हलले, तोच रोजचा प्रश्न आला होता, मला तो ओळखीचा होता. त्यांनी तो गिळला आणि दार हळूच लावून घेतलं.